मालदीवचं रिसॉर्ट बुक करताय? आधी बेट बघा, खोली नंतर

मालदीवचं ठरलं की घरात पहिल्यांदा व्हिलाचे फोटो फिरायला लागतात, पाण्यावरची लाकडी खोली, समुद्रावर बांधलेली जाळी, बेडरूममधून थेट पाण्यात उतरणारा जिना, आणि मग त्या फोटोंवरच बुकिंग होऊन जातं. माझं म्हणणं एवढंच आहे की खोली सगळ्यात शेवटी निवडा. आधी बेट निवडा, बेटाभोवतीचं पाणी कसं आहे ते बघा, तिथे पोचायचं कसं ते बघा, जेवणाचं काय ते बघा, आणि हे सगळं पटलं की मग खोलीकडे वळा.

कारण तिकडची पद्धतच एक बेट एक रिसॉर्ट अशी आहे. १९७२ साली कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं तेव्हापासून साधारण हेच चाललंय. गोव्यात हॉटेल नाही आवडलं तर गाडी काढून दुसऱ्या बीचवर जाता येतं, जेवण महाग वाटलं तर बाहेर कुठेतरी फिश थाळी मिळते. इथे एकदा बेटावर उतरलात की बाहेर कोपऱ्यावरचं हॉटेल नाही, मेडिकल नाही, रिक्षा नाही, आणि मन भरलं म्हणून पलीकडच्या बेटावर सहज जाऊन यावं तर बोटीचे पैसे बघूनच माणूस परत खोलीत येतो. म्हणजे चार-पाच दिवस जे काही आहे ते त्या एवढ्याशा वाळूत आणि तिच्या भोवतीच्या पाण्यात, आणि त्यातलं पाणी हेच खरं बघण्यासारखं आहे.

तर सगळ्यात आधी विचारायचं ते हाऊस रीफबद्दल. हाऊस रीफ म्हणजे बेटाला लागून असलेलं प्रवाळ, जिथे बोट न घेता किनाऱ्यावरून किंवा जेट्टीवरून स्वतः पोहत जाता येतं. सगळ्या बेटांना चांगलं हाऊस रीफ नसतं. काहींच्या भोवती नुसतं पांढऱ्या वाळूचं उथळ लगून असतं, फोटोत फार सुंदर दिसतं, फिकट निळं, काचेसारखं, पण डोकं पाण्यात घातलं की वाळूशिवाय काही नाही, आणि मासे बघायचे तर रोज बोटीच्या ट्रिपला माणशी पैसे मोजा. उलट बारोस, बांडोस, विलामेंधू, मिरिही ही बेटं हाऊस रीफसाठीच ओळखली जातात, तिथे रीफचा कडा किनाऱ्यापासून जवळ आहे, सकाळी उठून मास्क लावला की झालं.

हे बुकिंगच्या आधी घरबसल्या कळू शकतं. सॅटेलाइट मॅपवर बेट उघडा आणि झूम करा. फिकट निळा भाग म्हणजे उथळ लगून, मग तपकिरी-हिरवट पट्टा म्हणजे प्रवाळ, आणि त्याच्या पुढे एकदम गडद निळं म्हणजे कडा, तिथून समुद्र खोल जातो. तो तपकिरी पट्टा किनाऱ्यापासून किती लांब आहे ते मॅपवरच मोजता येतं. पन्नास-शंभर मीटरवर असेल तर उत्तम, अर्धा किलोमीटर लांब असेल तर ते रीफ तुमच्यासाठी नाही. मग रिसॉर्टला मेल करून सरळ दोनच प्रश्न विचारा, हाऊस रीफवर किनाऱ्यावरून जाता येतं का आणि सध्या प्रवाळ कितपत जिवंत आहे. दुसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्राचं पाणी तापून मालदीवमधलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं आणि सगळीकडे ते सारखं सावरलेलं नाही. ज्या रिसॉर्टला स्वतःचा मरीन बायोलॉजिस्ट आहे तिथून नीट उत्तर येतं, हा माझा अनुभव.

आता आपल्यापैकी कितीतरी जणांना पोहता येत नाही, तर ते म्हणतील मग आम्हाला रीफ काय करायचंय. मी म्हणते उलट तुम्हीच आधी तयारी करा. जायच्या महिनाभर आधी जवळच्या स्विमिंग पूलवर जाऊन नुसतं तरंगायला शिका, मास्क आणि स्नॉर्कल म्हणजे तोंडात धरायची श्वासाची नळी विकत घ्या आणि कमरेएवढ्या पाण्यात तोंडाने श्वास घ्यायची सवय करा. पहिली पाच मिनिटं जीव घाबरतो, नाक बंद असल्यामुळे गुदमरल्यासारखं होतं, ते सगळं आपल्या गावच्या पूलमध्ये होऊन गेलेलं बरं. तिथे गेल्यावर लाइफ जॅकेट मिळतं, पहिल्या दिवशी डाइव्ह सेंटरचा माणूस बरोबर घ्या, थोडे पैसे जातात पण सगळ्या ट्रिपमधला हा खर्च सगळ्यात वसूल होतो. मास्क स्वतःचाच बरा, चेहऱ्याला नीट बसतो, आणि मिशी असेल तर मास्कची कड वरच्या ओठाशी सील होत नाही, पाणी झिरपत राहतं, तेव्हा थोडं व्हॅसलिन लावून बघा.

पोचायचं कसं, हा दुसरा मुद्दा आणि बजेट इथेच कोसळतं. मुंबईहून मालेला थेट विमान साधारण तीन तासांच्या आत-बाहेर पोचवतं, पण माले म्हणजे रिसॉर्ट नव्हे. तिथून पुढे स्पीडबोट, सीप्लेन किंवा डोमेस्टिक विमान आणि मग बोट. अटोल म्हणजे प्रवाळाच्या कड्यातला बेटांचा समूह, त्यातल्या उत्तर आणि दक्षिण माले अटोलमधली बेटं स्पीडबोटच्या टप्प्यात येतात, पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंत, आणि ही बोट रात्रीही मिळते. बा अटोल, आरी अटोल किंवा त्याहून लांबच्या बऱ्याच बेटांना सीप्लेन, आणि सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं, पाण्यावर उतरायचं असतं ना, अंधारात जमत नाही. तुमचं विमान दुपारी साडेतीननंतर मालेला उतरत असेल तर त्या दिवशी सीप्लेन मिळेल असं धरूच नका, मग एक रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमालेत हॉटेल घ्यावं लागतं आणि रिसॉर्टची पहिली रात्र फुकट जाते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी बेट ठरवा, मग त्यांना विचारा शेवटचं सीप्लेन किती वाजताच्या फ्लाइटवाल्यांना मिळतं, आणि मगच मुंबईचं तिकीट काढा. लोक नेमकं उलटं करतात, स्वस्त तिकीट दिसलं की आधी ते काढतात.

सीप्लेनचा प्रवास मात्र खरंच बघण्यासारखा. छोटं ट्विन ऑटर विमान, पंधराएक माणसं, एसी नाही, टॉयलेट नाही, पंख्यांचा आवाज एवढा की कानात बोळे घालावे लागतात, पायलट बहुतेकदा अनवाणी, आणि खिडकीतून खाली निळ्या पाण्यात प्रवाळाची वर्तुळंच वर्तुळं. ही वर्तुळं कशी झाली तर फार पूर्वी समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीच्या डोंगरांभोवती प्रवाळ वाढलं, डोंगर हळूहळू खाली गेले आणि प्रवाळाची कडी वर राहिली, असं सांगतात. सामान साधारण २० किलो आणि हातातलं ५ किलो, जास्तीला पैसे. आणि कधीकधी बॅग मागच्या विमानाने येते, तर पोहायचे कपडे, औषधं, सनस्क्रीन, चार्जर हातातल्या पिशवीत ठेवा म्हणजे बॅग येईपर्यंत पाण्यात उतरता येईल. भाडं जाऊन-येऊन माणशी ४०० ते ७०० डॉलरच्या घरात जातं, मुलांना थोडं कमी. स्पीडबोट त्यामानाने बरीच स्वस्त. म्हातारे आईवडील किंवा अगदी लहान बाळ बरोबर असेल तर मी स्पीडबोटचंच बेट घ्या म्हणेन, तेही अर्ध्या तासाच्या आतलं, कारण समुद्र खवळलेला असला की बोट आपटत जाते आणि कंबर धरते.

आता हिशोब. रिसॉर्टचा दर डॉलरमध्ये असतो आणि त्याच्यापुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर समजा की त्यात सर्व्हिस चार्ज आणि टॅक्स धरलेला नाही. सर्व्हिस चार्ज १० टक्के, त्यावर पर्यटनाचा जीएसटी जो जुलै २०२५ पासून १७ टक्के झालाय, आणि तो सर्व्हिस चार्जसकट रकमेवर लागतो म्हणून दोन्ही मिळून २७ नाही, २८.७ टक्के होतात. शिवाय ग्रीन टॅक्स, रिसॉर्टमध्ये माणशी रात्री १२ डॉलर, दोन वर्षांखालच्या बाळाला नाही. समजा खोली ५०० डॉलर रात्रीला, चार रात्री, दोघं जण. २००० डॉलर झाले, त्यावर सर्व्हिस चार्ज २००, मग २२०० वर जीएसटी ३७४, म्हणजे २५७४. ग्रीन टॅक्सचे ९६. सीप्लेन माणशी ५०० धरलं तर १०००. एकूण ३६७० डॉलर, आणि अजून दुपारचं जेवण, पाण्याची बाटली, एकही ट्रिप यात धरलेली नाही. डोक्यात २००० होते ना, तर तो आकडा असा वाढतो. त्यामुळे दोन बेटांची तुलना करायची तर खोलीच्या दराने करू नका, मेलवर सगळं धरून शेवटचा आकडा मागवा, टॅक्स, ट्रान्सफर, जेवण सगळं. जिथे खोली महाग वाटते पण स्पीडबोटचं बेट आहे ते कित्येकदा शेवटी स्वस्त पडतं. भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस म्हणजे आगाऊ वसूल केलेला टॅक्स कापतात, तो बुडत नाही, इन्कम टॅक्स रिटर्न भरताना त्याचं क्रेडिट मिळतं, पावती जपून ठेवा.

डिसेंबरच्या शेवटी जाणार असाल तर ख्रिसमस आणि थर्टी फर्स्टच्या गाला डिनरचं विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी ते सक्तीचं असतं आणि बिलात वेगळं लागतं.

नवीन लग्न झालेल्यांनी एक काम आधी करा. हनिमून ऑफर म्हणजे केक, फुलांची सजावट, एखादं डिनर, कधी जेवणात सूट, हे सगळं बऱ्याच रिसॉर्टला लग्नाचं सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय मिळत नाही, आणि लग्नानंतर सहा महिने किंवा वर्षाच्या आत यायला हवं अशी अट असते. आपल्याकडे लग्नाची नोंदणी लोक पुढे ढकलत राहतात, तर ती हॉलची तारीख घेतल्याबरोबर डोक्यात ठेवा.

जेवणाचा प्लॅन. नुसता नाश्ता, मग हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं, फुल बोर्ड म्हणजे तिन्ही, आणि ऑल इन्क्लुझिव्ह म्हणजे पेयांसकट. दारू घेत नसाल तर ऑल इन्क्लुझिव्हचे पैसे सहसा वसूल होत नाहीत, पण पाणी, ज्यूस, चहा-कॉफी हाफ बोर्डमध्ये धरलंय का हे नक्की विचारा, कारण बेटावर प्रत्येक बाटलीला पैसे पडतात. माझ्या मते पोटभर नाश्ता उशिरा करणाऱ्या जोडप्याला हाफ बोर्ड पुरतं, लहान मुलं असतील तर फुल बोर्डच घ्या, मुलांना दुपारी तीनला भूक लागते आणि तेव्हा एक सँडविच डोळे पांढरे करतं. शाकाहारी किंवा जैन असाल तर बुकिंग झाल्याबरोबर लेखी कळवा, कांदा-लसूण नको तर तेही स्पष्ट लिहा. बऱ्याच बेटांवर किचनमध्ये भारतीय आणि श्रीलंकन मंडळी असतात, आदल्या दिवशी सांगितलं की आमटी-भात आनंदाने करून देतात. मासे खाणाऱ्यांनी मात्र नाश्त्याला मस हुनी सोडू नका, टूना, खवलेला नारळ, कांदा, मिरची आणि लिंबू एकत्र कालवून बरोबर रोशी म्हणजे पातळ पोळी. कोकणातल्या माणसाला हे पहिल्या घासालाच ओळखीचं वाटेल.

केव्हा जायचं याचं सरळ उत्तर डिसेंबर ते एप्रिल, समुद्र शांत, पाऊस कमी, आणि दर चढलेले. मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर नैऋत्य मोसमी वाऱ्याचा काळ, आपला पावसाळा आणतो तोच वारा, पण तिथे आपल्या जुलैसारखी आठवडाभर झड लागेलच असं नाही, कित्येकदा तासभर जोरात कोसळतो आणि परत ऊन. दर बरेच उतरतात, आणि याच काळात बा अटोलमध्ये हनिफारू बे नावाच्या जागी प्लँक्टन म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव खायला मांटा रे हे पंखांसारखे पसरट मोठे मासे जमतात, कधी डझनांनी. बा अटोल २०११ पासून युनेस्कोचं बायोस्फिअर रिझर्व्ह आहे, हनिफारूत स्कूबा बंद, फक्त स्नॉर्कलिंग, तेही रेंजरच्या नजरेखाली. मांटा बघायचीच असेल तर मी जुलै ते ऑक्टोबरमध्ये पावसाची जोखीम घेऊन बा अटोलला जाईन. व्हेल शार्क बघायचा तर दक्षिण आरी अटोल, तिथे तो वर्षभर दिसू शकतो.

इथे खोलीचा विषय येतो. सनसेट बाजूची खोली महाग असते, पण मे ते ऑक्टोबर वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे त्याच महागड्या बाजूला लाटा आणि वारा जास्त, डेकवर बसवत नाही. त्या काळात सनराइज बाजू घ्या, स्वस्त आणि शांत. डिसेंबर ते मार्च वारा ईशान्येचा, तेव्हा पश्चिम बाजू चांगली. आणि सूर्यास्त काय, सहाच्या सुमाराला बेटाच्या पलीकडे चार मिनिटं चालत जाऊन फुकट दिसतो. वॉटर व्हिला की बीच व्हिला, तर पोहता न येणारी लहान मुलं असतील तर वॉटर व्हिला नकोच, डेकला बऱ्याचदा कठडा नसतो आणि खाली थेट पाणी. काही रिसॉर्ट मुलांना तिथे घेतच नाहीत. मोठ्यांसाठी चांगला उपाय म्हणजे पहिल्या रात्री बीच व्हिला आणि शेवटच्या एक-दोन रात्री वॉटर व्हिला, सामान तेच लोक हलवतात आणि बिल बऱ्यापैकी कमी होतं.

कागदपत्रं फार नाहीत. व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग दाखवा. पासपोर्ट सहा महिने तरी चालू असलेला ठेवा. इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा, जाताना एक आणि परत येताना एक, तो पूर्ण फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर ती बंद करा आणि सरकारी साइट शोधा. बॅगेत दारू नको, डुकराच्या मांसाचा कुठलाही पदार्थ नको, व्हेप नको. आणि एक गोष्ट आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगते, प्रवासात बरोबर असावी म्हणून देवघरातली छोटी गणपतीची मूर्ती घ्यायची सवय असते, ती घरीच ठेवा, पूजेच्या मूर्ती तिथे आणायला बंदी आहे आणि कस्टममध्ये स्कॅनरवर दिसतात.

बेटावर पोचलात की दोन गोष्टी पहिल्या विचारा. एक, घड्याळ. मालेची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, पण काही रिसॉर्ट संध्याकाळ लांबावी म्हणून स्वतःची वेळ तासभर पुढे ठेवतात, मग ट्रिपची बोट चुकते. दुसरी, डाइव्ह सेंटरमध्ये जाऊन आज प्रवाह कुठल्या दिशेला आहे आणि रीफवर कुठून उतरायचं, कुठून वर यायचं. विलामेंधूसारख्या ठिकाणी प्रवाळातून बाहेर जायला वाटा आखून दिलेल्या आहेत, मधूनच कुठूनही घुसलं की अंग खरचटतं आणि प्रवाळ मोडतं. सुरुवात प्रवाहाच्या उलट्या दिशेने करा म्हणजे दमल्यावर पाणीच परत आणतं.

सकाळी सात-साडेसातला, वारा उठायच्या आत, पाणी सगळ्यात स्वच्छ असतं. कड्यापाशी तरंगत नुसतं खाली बघत राहायचं. आधी निळा-पिवळा सर्जनफिशचा थवा जातो, मग कानाला कुरुम कुरुम असा आवाज येतो, इकडेतिकडे शोधलं की पोपटी पॅरटफिश दिसतो, चोचीसारख्या दातांनी मेलेलं प्रवाळ खरवडून खात असतो, आणि थोड्या वेळाने मागून पांढऱ्या भुकटीचा ढग सोडून देतो. ती भुकटी म्हणजे वाळू. आपण ज्या पांढऱ्या वाळूवर टॉवेल टाकतो त्यातली बरीचशी या माशांनीच केलेली. किनाऱ्यालगत पिंडऱ्यांएवढ्या पाण्यात काळ्या टोकाच्या परांची शार्कची पिल्लं फिरतात, ती माणसाला बघून पळतात, घाबरू नका, मालदीवने २०१० मध्ये शार्कची मासेमारी बंद केली म्हणून ती एवढी दिसतात. घाबरायचं असेल तर टायटन ट्रिगरफिशला, हातभर लांब, जाड ओठांचा, खाली वाळूत घरटं असलं की अंगावर येतो आणि चावतो. त्याची हद्द घरट्यापासून वरच्या दिशेने नरसाळ्यासारखी पसरत जाते, तर वर जाऊन उपयोग नाही, पायातले फिन्स मारत आडवं लांब जा.

उन्हाचं हलक्यात घेऊ नका, विषुववृत्त जवळ आहे, पाण्यात गार वाटतं आणि पाठ भाजून निघते. पूर्ण बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट घाला, क्रीम कमी लागतं, त्वचेलाही बरं आणि प्रवाळालाही. प्रवाळावर उभं राहायचं नाही, कासवाच्या मागे लागायचं नाही, आणि शंख-प्रवाळाचे तुकडे पिशवीत घालायचे नाहीत, कितीही मेलेले दिसले तरी, प्रवाळ देशाबाहेर न्यायला बंदी आहे.

एवढं सगळं वाचून बजेट बसत नसेल तर दिवस वाटून घ्या. रिसॉर्टमध्ये दोन-तीन रात्री आणि उरलेले दिवस स्थानिक लोकांच्या बेटावर गेस्टहाऊसमध्ये. दक्षिण आरीतलं धिगुराह त्यासाठी फार छान, लांबच लांब वाळूची जीभ आहे आणि व्हेल शार्कच्या ट्रिपा तिथूनच निघतात, रिसॉर्टपेक्षा बऱ्याच कमी पैशात. तिथे दारू मिळत नाही, गावात फिरताना खांदे-गुडघे झाकायचे, पोहायला वेगळा बिकिनी बीच असतो, आणि शुक्रवारी सरकारी फेरी बहुतेक बंद असते, तर त्या दिवशी बेट बदलायचं ठरवू नका. क्रम मात्र आधी गेस्टहाऊस, नंतर रिसॉर्ट असा ठेवा, म्हणजे हाऊस रीफवर पोचेपर्यंत हात-पाय पाण्याला सरावलेले असतात.

परतीच्या दिवसाचं. सीप्लेनची वेळ आदल्या संध्याकाळी कळते आणि ती तुमच्या फ्लाइटच्या चार-पाच तास आधीचीही असू शकते, मालेच्या टर्मिनलवर रिसॉर्टचं लाउंज आहे का हे विचारून ठेवा. स्कूबा केलं असेल तर शेवटच्या डाइव्हनंतर २४ तास तरी विमान नको, सीप्लेनही त्यातच धरा, म्हणजे शेवटचा दिवस स्नॉर्कलिंगचाच. बिल आदल्या रात्री मागवा आणि ओळ न् ओळ बघा, मिनीबार, ट्रिपा, जेवणाच्या प्लॅनबाहेरचं काय लागलंय ते, काही चुकीचं असेल तर रात्रीच दुरुस्त होतं, सकाळी जेट्टीवर विमान थांबलेलं असताना कोणालाच वेळ नसतो.